लाल इंजेक्शन आणि तुळशीची माळ: बी-१२ च्या कमतरतेचं एक प्रकरण

२०२३ च्या वारीत दिवे घाट चढताना काकूंच्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि त्यांना ते कळलंच नाही. मागून येणाऱ्या एका बाईनं ती उचलून "माउली, तुमची चप्पल" म्हणून पुढे केली, तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिलं. त्या वर्षी पाऊस लांबला होता, डांबर तापलेलं होतं, आणि अनवाणी पाय त्यावरून पन्नास-साठ पावलं चालून आला होता.

मी आहारतज्ज्ञ आहे. पुण्यात एका फिजिशियनच्या दवाखान्यात आठवड्यातून चार दिवस बसते. काकू आमच्याकडे आल्या त्या वारीनंतर, अधिक श्रावणात. वय ५८, सासवडच्या बाजूचं शेतकरी घर, लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ. मांस-मासे नाहीत, अंडं नाही, कांदा-लसूणही एकादशीच्या आगेमागे नाही. मधुमेह नऊ वर्षांचा. त्यांचं नाव-गाव इथे गाळलं आहे, बाकी सगळं त्यांना विचारूनच लिहिते आहे.

तक्रारी त्यांनी सांगितल्या त्या अशा: तळपायाची आग होते, पण वरून हात लावला तर बधिर लागतं. जीभ सोलवटल्यासारखी झालीय, चटणीचा घास तोंडात धरवत नाही. जिन्याची दहावी पायरी आली की दम लागतो. आणि एक गोष्ट त्यांनी सहज, जाता जाता सांगितली: "सकाळी तोंडाला साबण लावला की भिंत धरावी लागती. डोळं मिटलं की कुणीतरी ढकलल्यागत होतं."

हे शेवटचं वाक्य ऐकून आमच्या डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आपले पाय कुठे आहेत, जमीन कुठे आहे, हे पायांतल्या नसा मेंदूला सतत कळवत असतात. त्या नसा मंदावल्या की माणूस डोळ्यांच्या भरवशावर तोल सांभाळतो, आणि डोळे मिटले की तो आधारही जातो. डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून घोट्याच्या हाडावर टेकवला. काकूंना थरथर जाणवली नाही. गुडघ्यावर टेकवला, तेव्हा "हां, आता गुणगुणतंय" म्हणाल्या.

रक्ताच्या अहवालात हिमोग्लोबिन १०.९, तांबड्या पेशींचा आकार नेहमीपेक्षा मोठा (एमसीव्ही १०३), बी-१२ फक्त ११८ पिकोग्रॅम, आणि बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं होमोसिस्टीन ३८. फॉलेट, म्हणजे पालेभाज्यांत असणारं ब गटातलंच दुसरं जीवनसत्त्व, मात्र भरपूर. हे भरपूर फॉलेट कुठून आलं, ते पुढे कळलं.

पत्र्याचा डबा

मुलगा चाकणला एका कारखान्यात नोकरीला. आईची काळजी मनापासून करणारा. त्यानं बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवून उघडला. त्यात स्पिरुलिनाच्या गोळ्या, शेवग्याच्या पाल्याची पावडर, गव्हांकुराची पावडर, गुळवेलीचा काढा आणि 'संपूर्ण नैसर्गिक' असं ठळक छापलेलं एक मिश्रण होतं. महिन्याचा खर्च तीन हजारांच्या आसपास. हे सगळं सात महिने चालू होतं, कारण मागच्या पौषात गावातल्या लॅबनं बी-१२ कमी आहे असं सांगितलं होतं आणि काकूंनी निक्षून सांगितलं होतं, "कारखान्यातलं मी घेणार न्हाई. झाडपाल्याचं असंल ते आण."

मुलानं त्याप्रमाणे शोधलं. स्पिरुलिनाच्या बाटलीवर बी-१२ चा आकडा चांगला दणदणीत होता. त्याला फसवलं असं मी म्हणणार नाही, कारण तो आकडा एका चाचणीत खरंच तसा येतो. जुन्या पद्धतीत बी-१२ मोजायला एक जिवाणू वाढवतात. तो जेवढा वाढेल तेवढं बी-१२ धरायचं. पण स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं दुसरंच संयुग, ज्याला छद्म-बी-१२ म्हणता येईल. त्या जिवाणूला ते चालतं, माणसाला चालत नाही. आपल्या जठरात बी-१२ ला धरून आतड्यापर्यंत नेणारं एक प्रथिन असतं, आणि ते या नकली जोडीदाराला नीट धरतच नाही. नेदरलँड्समध्ये केवळ धान्य-भाज्यांवर वाढणाऱ्या मुलांना शेवाळ आणि स्पिरुलिना देऊन पाहिलं होतं. १९९१ साली त्याचे निष्कर्ष आले: रक्तातला बी-१२ चा आकडा वाढला, पण पेशींचा आकार सुधारायचं सोडून आणखी बिघडला. म्हणजे कागदावर सगळं ठीक आणि शरीरात तूट तशीच. स्पिरुलिनात प्रथिनं भरपूर असतात, लोहही असतं. तेवढ्यासाठी कुणी घेतलं तर माझी हरकत नाही. बी-१२ साठी घेऊ नये.

मिश्रणाच्या डब्यामागचा बारीक मजकूर मी भिंगानं वाचला. पालक, बीट, आवळा, मग स्वल्पविराम, आणि फॉलिक ॲसिड. फॉलिक ॲसिड ही फॉलेटची कारखान्यात बनलेली आवृत्ती आहे. निसर्गात ती त्या रूपात जवळपास सापडत नाही. म्हणजे जे टाळायचं म्हणून हा सगळा खटाटोप केला, तेच सात महिने पाण्यातून पोटात जात होतं. बाटल्यांवर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक होते. लोक तो पाहून निर्धास्त होतात, पण तो खाद्यपदार्थ विकण्याचा परवाना असतो. आतल्या वस्तूनं आजार बरा होतो याची ती हमी नाही.

फॉलिक ॲसिड वाईट आहे असं अजिबात नाही. या औषधाची गोष्ट तर आपल्या मुंबईतूनच सुरू होते. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि गिरणगावातल्या गरोदर बायकांना होणारा जीवघेणा पंडुरोग तिनं अभ्यासायला घेतला. यीस्टचा अर्क, तोच ब्रेडला लावायचा मार्माइट, दिला की या बायका सावरतात हे तिनं दाखवलं. त्या अर्कातला घटक म्हणजे फॉलेट. पुढे १९४५ च्या सुमाराला अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या शास्त्रज्ञाच्या गटानं फॉलिक ॲसिड बनवलं. आज गरोदरपणाआधी ते घेतल्यानं बाळाच्या मणक्यातले दोष टळतात, आणि त्यासाठी पालेभाजीपेक्षा गोळी जास्त भरवशाची, कारण ती जास्त शोषली जाते.

पण ते आलं तेव्हाच एक धडाही मिळाला. बी-१२ च्या कमतरतेचे रुग्ण फॉलिक ॲसिडवर ठेवले, तर त्यांचं रक्त सुधारे, चेहऱ्यावर तजेला येई, आणि नसांचा ऱ्हास आतून चालूच राही. काकूंचंही थोडं तसंच झालं असावं असं डॉक्टरांचं मत पडलं. त्यांचं हिमोग्लोबिन पौषातल्यापेक्षा बरं होतं. घरच्यांना वाटलं, गुण येतोय. पाय तेवढे बधिर होत गेले.

कमतरतेची कारणं शोधायला फार खणावं लागलं नाही. मधुमेहासाठी रोजचं मेटफॉर्मिन, ते बी-१२ चं शोषण कमी करतं. पित्तासाठी सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल, त्यानं जठरातलं आम्ल घटतं आणि अन्नात अडकलेलं बी-१२ सुटं होत नाही. आणि दूध? घरात दोन म्हशी, पण दूध डेअरीला. काकूंच्या वाट्याला तीन वेळच्या चहातलं चमचा-चमचा आणि जेवताना पाण्यासारखं ताक. प्रौढ माणसाला दिवसाला दोन ते अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं आणि पेलाभर दुधातून साधारण एक मिळतं. त्यांच्या पोटात अर्ध्याच्या वर जात नसावं.

हे एकट्या काकूंचं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी होतं. याच गटानं पुढे पुरुषही तपासले, तेव्हा शहरी मध्यमवर्गात प्रमाण खेड्यापेक्षाही जास्त निघालं. आपण याला अशक्तपणा म्हणतो, वयाचा परिणाम म्हणतो, आणि सोडून देतो.

अँप्यूल पाहिल्यावर

डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली. नसांवर परिणाम झालेला असताना गोळ्यांची वाट बघायची नाही, आधी सुईनं साठा भरायचा, असं त्यांचं म्हणणं. नर्सनं ट्रेमध्ये अँप्यूल आणली. ज्यांनी बी-१२ चं इंजेक्शन पाहिलंय त्यांना माहीत आहे, ते लालभडक असतं, डाळिंबाच्या रसासारखं. काकूंनी ते पाहिलं, पदर खांद्यावरून पुढे ओढला आणि उठून उभ्या राहिल्या.

मी समजुतीला गेले. स्पिरुलिनात खरं बी-१२ का नाही, नैसर्गिक म्हणजे कायम चांगलं असं का नाही, कारखान्यातलं म्हणजे विष असं का नाही, हे चाळीस मिनिटं सांगितलं. मुलाला व्हॉट्सॲपवर कुणीतरी कळवलं होतं की या गोळ्यांत सायनाइड असतं, तर त्याचाही हिशेब करून दाखवला. गोळ्यांत बी-१२ ज्या रूपात असतं त्या सायनोकोबालामिनच्या रेणूत सायनाइडचा भाग दोन टक्के. हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीत वीस मायक्रोग्रॅम. चमचाभर कच्च्या जवसातून त्याच्या कितीतरी पट जास्त तयार होऊ शकतं, आणि आपलं शरीर तेवढं सहज निस्तरतं. मुलगा मान डोलावत होता. काकू ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगताय ते खरं असंल. पण मला न्हाई चालायचं." आणि गेल्या.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो घाबरला होता. "मॅडम, तुम्ही साखरेचं इंजेक्शन आहे म्हणून सांगा आणि देऊन टाका. मी बघतो पुढचं." मी नाही म्हणाले. एक तर ते खोटं होतं. दुसरं म्हणजे, ही चार दिवसांची गोष्ट नव्हती, पुढे आयुष्यभर घ्यायचं होतं. फसवून दिलेली वस्तू कळल्याच्या दिवशी बंद होते, आणि तिच्याबरोबर आमच्यावरचा विश्वासही संपतो.

पण फोन ठेवताना मी त्याला विचारलं, "आईला नेमकं काय चालत नाही?" तो म्हणाला, "केमिकल." थोड्या वेळानं म्हणाला, "सूनबाईनं एकदा मोबाइलवर वाचून दाखवलं होतं की बी-१२ मटणात आणि कलेजीत असतं. तेव्हापासून नाव काढू देत नाही."

चाळीस मिनिटं मी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होते. काकूंना कारखान्याची भीती नव्हतीच. त्या रोज मेटफॉर्मिन घेत होत्या, आणि ते काय झाडाला लागतं? त्यांनी लाल रंग पाहिला होता आणि त्यांना वाटलं होतं, हे रक्तातून काढलंय. 'झाडपाल्याचं आण' याचा अर्थ 'जीव मारलेला नको' असा होता. मुलानं त्याचं भाषांतर 'नैसर्गिक' असं केलं, दुकानदारानं 'हर्बल' असं, आणि सात महिने गेले.

पाचव्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेले. पडवीत बसलो. मी विचारलं, "काकू, ते कशापासून करतात असं तुम्हाला वाटतं?" त्या म्हणाल्या, "रगताचा रंग लपतोय व्हय?"

मग मी जे माहीत आहे ते पहिल्यापासून सांगितलं. तो रंग रक्ताचा नाही, बी-१२ चा स्वतःचाच आहे; त्याच्या मधोमध कोबाल्ट नावाच्या धातूचा एक कण असतो. बी-१२ कुठलाही प्राणी बनवत नाही, झाडही बनवत नाही. ते बनवतात फक्त जिवाणू. म्हशीच्या पोटात, रवंथाच्या पहिल्या कप्प्यात, ते जिवाणू असतात. ते बी-१२ बनवतात, म्हैस ते पचवते, आणि थोडं दुधात उतरतं. आपल्या पोटातही असे जिवाणू आहेत, पण मोठ्या आतड्यात. शोषण होतं ते त्याच्या वरच्या अंगाला, लहान आतड्याच्या शेवटी. पाटाच्या खालच्या टोकाला विहीर असावी तसं. पाणी आहे, पण शेताला चढत नाही.

"मग कारखान्यात?"

कारखान्यात मोठ्या टाक्यांत असेच बी-१२ बनवणारे जिवाणू वाढवतात. त्यांना खायला साखरेची मळी, मक्याचं पाणी. दुधाला विरजण लावतो तसं. शेवटी गाळून, रसायनांनी शुद्ध करून बी-१२ वेगळं काढतात. सायनाइड येतं ते याच टप्प्यावर, रेणू टिकाऊ व्हावा म्हणून. त्यापासूनच पुढे मिथाइलकोबालामिन हा बी-१२ चा दुसरा प्रकारही करतात. हेही मी लपवलं नाही.

मळी म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. त्या पट्ट्यात मळी काय असते ते सांगावं लागत नाही. "म्हंजी उसाच्याच घरचं की," त्या म्हणाल्या.

बी-१२ पहिल्यांदा १९४८ मध्ये वेगळं काढलं ते मात्र यकृतातूनच, त्यामुळे सूनबाईनं वाचलेलं अगदी खोटं नव्हतं. डोरोथी हॉजकिननं १९५६ मध्ये क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. आणि प्रयोगशाळेत शून्यापासून ते जोडायला वुडवर्ड आणि एशेनमोझर यांच्या दोन गटांतले शंभराच्या आसपास रसायनतज्ज्ञ दहा वर्षांहून अधिक खपले. १९७२ मध्ये जमलं. ते इतकं किचकट निघालं की विक्रीसाठी तसं कुणी कधी बनवलं नाही. म्हणून बाजारातलं बी-१२ नैसर्गिक की कृत्रिम, या प्रश्नाला सरळ उत्तरच नाही. जिवाणूनं बनवलं म्हणून नैसर्गिक म्हणा, टाकीत बनलं म्हणून कृत्रिम म्हणा. शरीराला पोचतो तो रेणू तोच.

काकूंनी अँप्यूलच्या खोक्यावरचा मजकूर मला मोठ्यानं वाचायला लावला. प्रत्येक शब्दाला "हे कशाचं?" असं विचारलं. मग म्हणाल्या, "उद्या गुरुवार हाय. उद्यापासनं द्या."

कॅप्सूलचं टरफल

इंजेक्शनांचा पहिला टप्पा झाल्यावर गोळ्यांवर यायचं होतं. मुलानं मेडिकलमधून आणलेल्या कॅप्सूल मऊ, चकचकीत, मरून रंगाच्या होत्या. औषध बरोबर, मात्रा बरोबर. पण ते टरफल जिलेटिनचं, आणि जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेलं प्रथिन. काकूंना जे भय वाटत होतं ते औषधात नव्हतं, वेष्टनात होतं. ज्या गोष्टीबद्दल त्यांनी कधी विचारलंच नाही, ती मी आपणहून सांगितली. त्यांनी कॅप्सूल परत केल्या आणि आम्ही साधी दाबून बनवलेली गोळी घेतली, हजार मायक्रोग्रॅमची. एवढी मोठी मात्रा कशाला, असं मुलानं विचारलं. जठरातल्या प्रथिनाच्या आधारानं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातं; बाकीच्यातलं जेमतेम टक्काभर आपोआप झिरपतं. हजारातलं दहा आत गेलं तरी गरज भागते, आणि मेटफॉर्मिन चालू असलं तरी झिरपणं थांबत नाही.

त्यांचं ड जीवनसत्त्वही कमी होतं. ते बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं हेही सांगितलं. त्यावर त्या सहज म्हणाल्या, "घोंगड्यावर तर आम्ही निजतो." पुडी चालली, कॅप्सूल नाही.

शेवग्याची पावडर मी बंद केली नाही; भाकरीच्या पिठात मिसळून खायला सांगितली, अन्न म्हणून. मिश्रण आणि स्पिरुलिना बंद. काढाही बंद करायला सांगितला, कारण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती ओळखण्यात चूक झाली असेल म्हटलं. वाद काही असो, मधुमेहाच्या माणसाला रोज काढा देण्याचं माझ्यापाशी कारण नव्हतं.

एक मात्र आवर्जून सांगते. नैसर्गिक सरस ठरतं अशाही जागा आहेत. ई जीवनसत्त्वाचा वनस्पतीतून मिळणारा प्रकार कृत्रिमपेक्षा जवळजवळ दुप्पट उपयोगी पडतो, कारण कारखान्यातल्या मिश्रणात आठ आकार असतात आणि शरीर त्यातले मोजकेच नीट वापरतं. क जीवनसत्त्वात काडीचा फरक नाही. आणि फळभाज्यांतल्या बीटा-कॅरोटिनबद्दल चांगलं दिसलं म्हणून फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना त्याच्या गोळ्या दिल्या, तेव्हा १९९४ मध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. प्रत्येक जीवनसत्त्वाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. डब्यावरचा एक शब्द वाचून तो सुटत नाही.

जीभ पंधरा दिवसांत बरी झाली. आठ आठवड्यांत हिमोग्लोबिन १२.१ वर गेलं, दम लागणं थांबलं. पायांची आग दिवाळीपर्यंत निम्म्यावर आली. तोंड धुताना आता भिंत लागत नाही. पण ट्यूनिंग फोर्क घोट्यावर ठेवला तर उजव्या पायाला अजून कळत नाही, आणि डॉक्टरांच्या मते ते पूर्ण भरून येण्याची शक्यता कमी आहे. उपचार सात महिने आधी सुरू झाले असते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. २०२४ ला त्या मागे पट्टा असलेल्या सँडल घालून वारीला गेल्या, आळंदी ते सासवड एवढंच.

त्या कार्तिकात त्यांचा फोन आला. गोळीच्या पाकिटावर सूनबाईनं 'मक्याचा स्टार्च' असं वाचलं होतं. मका म्हणजे धान्य, मग एकादशीला गोळी चालते का? मी सांगितलं, बी-१२ यकृतात साठतं, आता तुमचा साठा भरत आलाय, महिन्यातले दोन दिवस नाही घेतली तर काही बिघडत नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग द्वादशीला सोडताना दोन घ्यायच्या का?"

नाही, काकू. एकच.